छपराचा तराफा

“तुमी त्या तराफ्यात बसा,” आबाजी म्हणाला आणि हातातला बांबू त्याने पलीकडच्या बिनछपराच्या तराफ्याकडे केला. “तिथं मोकळं हाय.”

एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. उलट काठावरच्या चिखलात म्हातारीचा पाय घसरेल म्हणून त्याने ‘सांबाळून गं आये’ असंही म्हटलं. सखारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबाजीने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, शिवीला शिवी देता येते, चार माणसांत गळा काढता येतो, कॉलर धरता येते. पण गोड बोलून केसाने गळा कापणाऱ्या माणसाची कॉलर धरायची कशी? चूक काय त्याची? त्याने आपली मोकळी जागा दाखवली. सखारामने बायकोकडे पाहिलं. जानकीने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती आणि ती बिनछपराच्या तराफ्याकडे वळलीसुद्धा होती. त्याची आई पारूबाई तर कधीच चार पावलं पुढे गेली होती. फक्त विशाखाचा एक पाय छपराच्या तराफ्याच्या फळीवर होता आणि दुसरा काठावरच्या दगडावर. ती तशीच पाय फाकून उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, “बाबा, हाच ना आपला?”

हाच आपला. तिला तसं सांगणारा तोच होता. गेला आठवडाभर खोपोलीच्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. साजगावच्या कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा दहिवलीचा नामा दर सुट्टीला बायकापोरं घेऊन कडावच्या पलीकडे बांधलेल्या त्या तळ्यावर जायचा, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचं वर्णन करून करून सखारामचं डोकं उठवायचा. डांबराची रिकामी पिंपं एकाला एक बांधायची, वर फळ्या ठोकायच्या, झाला तराफा. आबाजीकडे असे दोन होते. मोठ्याला पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं आणि छपराच्या कडेला निळी झालर. धाकटा नुसता सपाट, गवताचे भारे नि काटक्या पलीकडे न्यायला केलेला, पण सुट्टीला त्यावरही माणसं बसवीत. भाडं दोन्हींचं सारखंच. पाणी ओलांडून पलीकडच्या आमराईत उतरायचं, डबे सोडायचे, उन्हं कलली की परत. सखारामला ही गोष्ट फार आवडली. कुटुंबाला घेऊन सहलीला जाणं हे त्याच्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. त्याच्या घरातली माणसं बाहेर पडली ती कामाला, लग्नाला नाहीतर मयताला. म्हणून त्याने विशाखाला मांडीवर घेऊन सांगितलं की दोन तराफे आहेत, तू सांगशील त्यात बसायचं, तू आमची पुढारी. तिसरीतली पोर, तिने ते फार मनावर घेतलं. दोन्ही तराफ्यांची चित्रं काढली. आजीला विचारलं, आईला विचारलं, बेरीज-वजाबाकी केल्यासारखे फायदेतोटे मांडले आणि शेवटी झालरीवर भाळून छपराचा पसंत केला.

दोघी बायकांचं मात्र पहिल्यापासून वेगळं. जानकी म्हणाली, धाकटा बरा, गर्दी नसते. पारूबाई म्हणाली, छपराखाली मला गुदमरतं. सखाराम हसला होता. म्हणाला, उभा जन्म गवताच्या छपराखाली गेला तेव्हा नाही गुदमरलीस ती. पोरीचा एवढासा हट्ट तो काय, त्यातही यांचा नन्नाचा पाढा, असं म्हणून चिडलाही होता. भांड्यांची आदळआपट झाली, जानकी रात्री पाठ करून झोपली. आता काठावर उभं राहून त्याला कळत होतं की त्या दोघींना ठाऊक होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्या इथं कधी आलेल्याही नव्हत्या, तरी ठाऊक होतं. दोन जागा आहेत म्हटल्यावर त्यातली आपली कुठली हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. आणि याच गोष्टीचा त्याला आबाजीपेक्षाही जास्त संताप आला. कुणी ऊठ म्हणण्याआधीच या उठतात. हाकललं जाऊ नये म्हणून स्वतःच दाराबाहेर जाऊन बसतात आणि वर म्हणतात, बाहेर वारा बरा लागतो.

आणि नामा? तो सखारामच्या डब्यातली भाकरी मोडून खायचा, त्याच्या सुकटीच्या चटणीवर तुटून पडायचा. त्याने हे सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. इतक्या सुट्ट्यांना तो छपराखालच्या बाकावर बसला, समोरच्या तराफ्यात कोण बसतं आणि का बसतं हे बघायची त्याला गरजच पडली नाही. चांगल्या माणसाचा राग धरता येत नाही. सखारामने तरी तो धरला.

खरं तर आबाजीला काही कळायचं कारण नव्हतं. खोपोलीहून आलोय, कारखान्यात फिटर आहे, एवढं म्हटलं असतं तर त्याने गुमान छपराखाली जागा दिली असती. सखारामच्या अंगावर टेरिकॉटची पॅन्ट होती, मनगटावर घड्याळ होतं, पोरीच्या पायात पट्ट्याचे बूट होते. पण या मुलखात कुणी कुणाला नाव विचारीत नाही. आधी विचारतात गाव कंचं, मग विचारतात कुणाचे. आबाजीने रीतीप्रमाणे विचारलं आणि सखारामने रीतीप्रमाणे सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, छाती काढून सांगितलं. वरच्या वाडीचा, धर्माजीचा सखा. त्याला ओळख पटायला हवी होती. ज्याने यांच्या खळ्यावर काठाशी उभं राहून पदर पसरला त्या धर्माजीचा पोरगा बघा कसा झालाय, घड्याळ बघा, बायकोचं नायलॉनचं पातळ बघा, ही हौस. ती हौस त्याला नडली. आबाजीने घड्याळ बघितलं नाही, पातळ बघितलं नाही. त्याने फक्त धर्माजी हे नाव ऐकलं आणि म्हणाला, आरं म्हंजे आपलाच की रं, म्हाताऱ्यानं लई कामं केली गावाची. आणि लगेच बांबू पलीकडे केला. आपलाच म्हणतो आणि दुसरीकडे बसवतो. आपला नसतो तर जवळ बसवलं असतं.

धर्माजीने गावाची कामं केली हे खरं. सांगावे पोचवले, मेलेली गुरं ओढली, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळाला. धर्म बदलला त्या साली त्याने ते सगळं एका दिवसात सोडलं. सोडलं ते सोडलं, मग गावाने मोलाचं कामही देईनासं केलं आणि घरात दिवसदिवस चूल पेटेनाशी झाली, तरी म्हातारा वाकला नाही. पुढल्या साली कडावला एस.टी. सुरू झाली. पहिल्या दिवशी गाडीला आंब्याचे डहाळे बांधले होते, अख्खा गाव जमला होता, आणि धर्माजी अकरा वर्षांच्या सखाला बखोटीला धरून सगळ्यांच्या आधी चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. गाडी भरली. माणसं दाटीवाटीने उभी राहिली, दांड्याला लोंबकळली, एकमेकांच्या पायावर पाय दिले. पण त्या बाकावर तिसऱ्या माणसाची जागा होती तिथं कुणी टेकलं नाही. कंडक्टर बिचारा घाटावरचा. तो आपला ओरडत होता, अहो बसा की, जागा आहे ती काय पूजा करायला ठेवलीय? धर्माजी कर्जतपर्यंत तसा ताठ बसून गेला. कर्जतला त्याचं काहीच काम नव्हतं. नळावर पाणी प्याला आणि त्याच गाडीने परत आला. घरी येऊन पारूबाईला म्हणाला, “बूड दुखलं, पन उठलो नाय.”

ही गोष्ट पुढे सगळ्यांनी कौतुकाने सांगितली, सखारामनेही सांगितली. मात्र जी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती ती अशी, की बाप ताठ बसला होता तेव्हा पोरगा सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होता. भातखाचरं, बांध, बगळे, पुन्हा खाचरं. त्याला मागे वळायचा धीर नव्हता. मागे उभी असलेली माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्याला मानेवर कळत होतं आणि आपण इथं बसलो नसतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं. बापाने त्या दिवशी बसायला शिकवलं असेल, पोरगा शिकला ते नजर चुकवायला. अजूनही कारखान्यात कुणी आडनाव विचारलं की त्याची नजर आधी खिडकीकडे जायची. त्याला या सवयीची किळस होती. म्हणून विशाखा जन्मली तेव्हा त्याने एकच गोष्ट ठरवली होती. हे तिच्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. आपल्याला बघून कुणी बाजूला होतं, आपणही कुणाला बघून बाजूला व्हायचं असतं, हे तिला कळताच कामा नये. खोपोलीत कारखान्याच्या चाळीत ते जमलंही होतं. पोर कुणाच्याही घरात शिरायची, कुणाच्याही ताटात बसायची. आठ वर्षं त्याने ही एक गोष्ट जपली होती आणि आता ती या आबाजीच्या बांबूच्या टोकावर येऊन टेकली होती. आज तिने तो फळीवरचा पाय मागे घेतला की संपलं. मग ती जन्मभर घेत राहील.

“हाच आपला,” तो म्हणाला. “चढ.”

मग आबाजीकडे वळला. खोपोलीत तो शुद्ध बोलायचा, पोरीच्या तोंडी शाळेची भाषा बसावी म्हणून घरातही बोलायचा. पण आत्ता जिभेवर आलं ते वाडीतलं. “आमी यातच बसनार. पोरीनं निवडलाय.”

जानकी मागूनच म्हणाली की अवो कशाला, तिकडंही सारखंच पाणी आहे. पारूबाई पुटपुटली की सणासुदीला कशाला तंटा, जणू आज सण होता. सखाराम दोघींवर खेकसला. जानकीचा दंड धरून त्याने तिला छपराच्या तराफ्यावर चढवलं, मग म्हातारीला जवळजवळ उचलूनच वर घेतलं. म्हातारी अंग चोरून बाकाच्या अगदी टोकाला टेकली. आबाजीने तंबाखू मळली, ओठात धरली आणि बांबू मारणाऱ्या लडकूला म्हणाला, बसलेत तर बसू दे.

आणि मग छपराखाली आधीच बसलेली माणसं उतरायला लागली. भांडण नाही, तंटा नाही, सगळं कसं रीतीला धरून. कर्जतच्या एका दुकानदाराला आठवलं की छत्री झाडाखाली राहिली. त्याची बायको त्याच्या मागे उतरली, छत्री आणायला दोन माणसं लागत असावीत. एक बाई म्हणाली, बाळाला इथं ऊन लागतंय. डोक्यावर पत्र्याचं छप्पर असताना बाळाला ऊन लागलं आणि ती बाळाला घेऊन बिनछपराच्या तराफ्यात सावलीला गेली. दोन म्हातारे काहीच न सांगता उतरले, त्यातल्या त्यात तेच प्रामाणिक. शेवटी उरली ती कडावची एक बाई आणि तिची शकू. या शकूची आणि विशाखाची काठावर वाट बघता बघता गट्टी जमली होती, दोघींनी एका चिंचेचे दोन भाग करून खाल्ले होते, बोटं चाटली होती. आता दोघी बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. शकूच्या आईने तिच्या दंडाला धरलं. शकू म्हणाली, मला हितं बसायचंय. आईने तिला काही सांगितलं नाही, नुसती ओढली. शकू ओढली गेली, पण मान मागेच राहिली होती.

धाकटा तराफा त्या सगळ्यांनी भरून गेला. गवताच्या भाऱ्यांसाठी केलेला तो, त्याची पिंपं पाण्यात बुडाली, फळ्यांवर पाणी आलं. बायकांनी लुगडी वर धरली, पुरुषांनी वहाणा हातात घेतल्या आणि सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून उकिडवे बसले. धर्म राखायला पाय भिजवून घ्यावे लागले त्यांना. इकडे चार माणसांना अख्खं छप्पर, दोन बाकं आणि झालर. लडकूने बांबू रोवला आणि तराफा हलला. पाठोपाठ आबाजीचा पुतण्या दुसरा तराफा घेऊन निघाला.

विशाखाला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. ती या बाकावरून त्या बाकावर गेली, मधल्या मोकळ्या फळीवर गिरकी घेतली, झालर ओढून बघितली. म्हणाली, बाबा, सगळा आपल्यालाच. तिचा आनंद बघून सखारामला उलट भडभडून आलं. जिंकला होता की तो. कुणी त्याला उठवलं नव्हतं, बापासारखाच बूड टेकून बसला होता, आणि बापासारखीच त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. वीस वर्षांत एवढाच काय तो फरक, की तेव्हा उभे राहिले होते, आता उतरून गेले. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. त्याला वाटलं, हे बाक उपटून पाण्यात फेकावं, ती झालर टराटरा फाडावी, आबाजीच्या त्या तंबाखू मळणाऱ्या तळहातावर विस्तव ठेवावा. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या आणि तशाच राहिल्या. पाण्यावर माणूस संतापला तर जाणार कुठं? चार पावलं टाकली की फळी संपते.

जानकी पाण्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, हेच बघायला आणलं होतं का आम्हाला? मग म्हणाली, धाकट्यात बसलो असतो तर पोरीला एवढं कळलं असतं की आपण धाकट्यात बसलो, आता काय काय कळेल ते निस्तरा तुम्हीच. तिचंही खोटं नव्हतं. ती खोटी नव्हती म्हणूनच त्याला ते सहन होईना.

आणि ते आलंच. विशाखा फिरून दमली, बापाच्या गुडघ्याला टेकली आणि मागून येणाऱ्या त्या भरगच्च तराफ्याकडे बघत म्हणाली, “बाबा, इथं एवढी जागा आहे. मग ते सगळे तिकडे का गेले?”

पारूबाईने पटकन सांगून टाकलं. “मोठा तराफा लई डोलतो गं बाय. त्यास्नी भ्या वाटतं पान्याचं.” तिच्याकडे अशी उत्तरं तयार असत, सखाराम लहान असताना त्यालाही तिने अशीच दिली होती. विहिरीवर का नाही जायचं, तर त्यात मगर आहे. देवळात का नाही, तर आत साप निघालाय. त्याचं लहानपण मगरी-सापांनी भरून गेलं होतं. विशाखाने मान डोलावली. तिला ते पटलं होतं. इथं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं, आणखी एखादं वर्ष निघालं असतं, दोन निघाली असती. लडकू पाठमोरा होता तरी त्याचा बांबू थांबला होता, त्याचे कान इकडेच होते.

“पाण्याचं नाही,” सखाराम म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “त्यांना आपल्या शेजारी बसायचं नाही. आपण खालचे आहोत असं ते समजतात. आजोबांनाही तसंच समजायचे. आपण आलो म्हणून ते उतरले.”

जानकीने डोळे मिटून घेतले. म्हातारीने पदर तोंडात धरला. सखाराम पोरीकडे बघत राहिला. या वेळी त्याने नजर पाण्याकडे जाऊ दिली नाही. तो तिच्या तोंडावर ते येण्याची वाट बघत होता, ते मान खाली जाणं, फ्रॉक गोळा करणं, अंग चोरणं. विशाखाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती गणित अडलं की पडायच्या तशाच होत्या.

“शकूपण?” तिने विचारलं.

“शकूला तिच्या आईने नेलं.”

तिने मागच्या तराफ्याकडे बघितलं. तो आता तळ्याच्या मध्यावर आला होता, जड, संथ, चहूबाजूंनी पाणी. मग ती साध्या आवाजात म्हणाली, “मग आपण त्यांच्याजवळ जाऊ या. आता ते कुठे उतरतील?”

सखारामला हे कधी सुचलं नव्हतं. बसायचं एवढंच त्याच्या बापाला सुचलं, बसायचं एवढंच त्याला. पाठलाग करायचा हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या छातीत इतका वेळ कोंडलेल्या रागाला एकदम वाट दिसली. तो लडकूला म्हणाला, फिरव. लडकू जागचा हलला नाही. त्याने काठाकडे पाहिलं, तिकडे आबाजी कमरेवर हात ठेवून उभा होता. तेव्हा जानकी उठली. डब्याची पिशवी तिने बाकावर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, “दादा, फिरवा. भाडं आमीबी दिलंय. पोर सांगते तिकडं घ्या.” आणि बोलणं संपायच्या आत तिने लडकूच्या बांबूला वरून हात घातला.

लडकूने बांबू फिरवला. तिच्या हातात जोर होता म्हणून, की त्यालाही बघायचं होतं म्हणून, कोण जाणे. छपराचा तराफा वळला आणि सरळ त्या दुसऱ्याच्या अंगावर निघाला. तिकडची माणसं आधी हसली, मग त्यांनी हातवारे केले, मग एकजण ओरडला की अरे लडक्या, इकडं कुठं? अंतर कमी होत गेलं. दुकानदाराने आधी अंग मागे घेतलं, त्याच्या बायकोने घेतलं, मग बाळवालीने, मग म्हाताऱ्यांनी. एकेक करून सगळे पलीकडच्या कडेला सरकू लागले आणि त्यांच्या भाराने तो तराफा तिकडे कलला. अलीकडची पिंपं पाण्याबाहेर आली, पलीकडच्या फळ्या पाण्याखाली गेल्या. कुणाच्या वहाणा वाहून गेल्या. तरी ते सरकतच होते. शकूची आई तिचा दंड धरून तिला मागे खेचत होती.

विशाखा अगदी कडेला जाऊन उभी राहिली. सखारामने मागून तिचा फ्रॉक घट्ट धरला.

“शकू, सरकू नको,” ती ओरडली. “पडशील.”

शकूने दोन्ही हातांनी फळी धरली आणि ती जागची हलली नाही.